२५६ केबीत फाईल बसवताना अक्षर हरवू नये म्हणून

प्रवेशाच्या आणि पीकविम्याच्या दिवसांत लातूर-नांदेडपासून भूम-धारूरपर्यंत ऑनलाइनच्या दुकानांत एकच अडचण असते. कागद हातात आहे, स्कॅन झालंय, पण पोर्टल फाईल घेत नाही. मर्यादा २५६ केबी आणि फाईल ४ एमबी. मग ती कुठल्यातरी वेबसाइटवर टाकून दाबली (कॉम्प्रेस केली) जाते, अपलोड होते, अर्ज जातो. काही दिवसांनी अर्ज परत येतो, शेरा असतो ‘कागदपत्र अस्पष्ट’. तोवर मुदत निघून गेलेली असते.

हे टाळता येतं. फाईल लहान करायची खरी वेळ कागद स्कॅनरच्या काचेवर ठेवताना किंवा फोटो वर्डमध्ये घालताना असते. तयार झालेली जड फाईल नंतर दाबली की काय जाईल ते मशीन ठरवतं. आधी ठरवलं तर तुम्ही ठरवता.

वजन येतं कुठून

ए-४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. तो ३०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केला की २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके तयार होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात, म्हणून न दाबलेलं एक पान साधारण २५ एमबीचं होतं. तेच पान ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) ८ एमबीच्या आसपास आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्यात जेमतेम १ एमबी. पुढे जेपीईजी किंवा फॅक्स पद्धतीचं कॉम्प्रेशन लागून ही फाईल आणखी खाली येते, पण सुरुवातीचा २५ विरुद्ध १ हा फरक बऱ्याच अंशी टिकतो.

डीपीआय निम्मा केला तर ठिपके निम्मे होत नाहीत, पाव होतात. १५० डीपीआयवर त्याच पानाचे सुमारे २२ लाख ठिपके उरतात. म्हणून फाईल जड झाली की आधी रंग बघायचा, मग डीपीआय आणि जेपीईजीची क्वालिटी सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या क्रमाने जातात. रंग आणि ३०० डीपीआय तसेच ठेवून क्वालिटी २० वर आणतात. मग अक्षरांभोवती धुरकट डाग येतात, कारण जेपीईजी चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून प्रत्येक चौकोनातला बारकावा टाकून देतं. आभाळाच्या फोटोत ते खपून जातं, शिरोरेघेच्या काठावर खपत नाही.

डीपीआय किती खाली न्यायचा यालाही मर्यादा आहे, आणि देवनागरीची मर्यादा रोमनपेक्षा वर आहे. १० पॉइंटची ओळ १५० डीपीआयवर उंचीला सुमारे २१ ठिपके भरते. त्यातच वरची वेलांटी, खालचा उकार आणि शिरोरेघ बसवायची असते, म्हणजे मूळ अक्षराला निम्मीच जागा मिळते. १०० डीपीआयवर हेच २१ चे १४ होतात. तिथे ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरची, शिरोरेघ तुटलेली ती छोटी फट बुजते. ‘धारूर’चं ‘घारूर’ आणि ‘भूम’चं ‘मूम’ होतं. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ पुसली की ‘प’ उरतो. गावाच्या नावात किंवा आडनावात असं झालं, तर कागद खरा असूनही नाव जुळत नाही. म्हणून छापील मराठी कागदासाठी १५० डीपीआय ही खालची हद्द समजा. हस्तलिखितासाठी २००.

कागद बघून सेटिंग

सगळ्या कागदांना एकच सेटिंग लावणं ही दुकानातली सर्रास चूक आहे. समोर साधारण तीन प्रकारचे कागद येतात.

स्वच्छ टाइप केलेला आणि शिक्का नसलेला किंवा काळ्या शाईचाच शिक्का असलेला कागद ब्लॅक अँड व्हाइटमध्ये २०० ते ३०० डीपीआयवर घ्या. प्रतिज्ञापत्राचा मजकूर किंवा छापील यादी अशी घेतली, तर एक पान सहसा ३० ते ६० केबीत बसतं आणि अक्षराची कडा धारदार राहते. ब्राइटनेस मात्र बघून ठेवा. पान जास्त उजळ झालं तर बारीक रेघा तुटतात, गडद झालं तर मागच्या पानाची शाई पुढे उमटते.

जांभळा किंवा निळा शिक्का आणि त्याखाली सही असलेला कागद, म्हणजे टीसी, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला. हा काळ्या-पांढऱ्यात घेतला की शिक्का काळा होऊन सहीवर बसतो आणि तारीख वाचता येत नाही. ग्रेस्केल, १५० ते २०० डीपीआय, क्वालिटी ५० ते ६०. पान १०० ते २०० केबीचं होईल. पोर्टलने रंगीत प्रतच मागितली असेल तर १५० डीपीआय रंगीत, पण मग पानाला जास्त केबी मोजायची तयारी ठेवा.

तिसरा प्रकार मराठवाड्यात विशेष काळजीचा आहे: निजामकाळातल्या आणि त्यानंतरच्या वर्षांतल्या जुन्या नोंदी. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कुळाची नोंदवही. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या अशा नोंदींचा शोध घेतला, आणि जात पडताळणीच्या कामात हे कागद आता वारंवार जोडावे लागतात. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, शाई तपकिरी, लिपी उर्दू किंवा मोडी. इथे ब्लॅक अँड व्हाइट अजिबात वापरू नका. मशीनला एकच उंबरठा माहीत असतो. त्यापेक्षा फिकी शाई असली की ती पांढरी होते आणि अक्षर जातं. घडीची सावली मात्र जाड काळी रेघ म्हणून उरते.

उर्दू नोंदीत धोका आणखी बारीक आहे. बे, पे, ते, से या चारही अक्षरांचा देह एकच, फरक फक्त नुक्त्यांचा (टिंबांचा): खाली एक, खाली तीन, वर दोन, वर तीन. बहुतेक स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये डाग काढायचं ‘डिस्पेकल’ नावाचं फिल्टर असतं आणि कित्येक ठिकाणी ते आधीपासूनच चालू असतं. अर्ध्या मिलिमीटरचा नुक्ता ३०० डीपीआयवर जेमतेम ६ ठिपक्यांचा असतो, १५० वर ३ ठिपक्यांचा. फिल्टरच्या लेखी तो डागच. नुक्ता गेला की नाव बदलतं आणि भाषांतर करणाऱ्याला ते सापडत नाही. हेच फिल्टर मराठी कागदावरचा अनुस्वार खातं आणि सातबारावरच्या ०.८१ मधलं टिंबही. म्हणून जुन्या नोंदीसाठी ग्रेस्केल, ३०० डीपीआय, डिस्पेकल बंद. रंगीत शिक्का असेल तर रंगीत. कागदाच्या मागे काळा कार्डबोर्ड ठेवला तर पलीकडच्या पानाची शाई दिसत नाही.

अशी प्रत एका पानाला ४०० ते ८०० केबीपर्यंत जाऊ शकते. ती मूळ प्रत म्हणून जपून ठेवा आणि अपलोडसाठी तिच्यावरून वेगळी लहान प्रत करा. मर्यादेत बसतच नसेल तर अक्षर मारण्याऐवजी कोरा समास कापा. जुन्या रजिस्टरच्या पानाचा तिसरा हिस्सा कोराच असतो. पण नोंदीच्या वरचे रकान्यांचे मथळे आणि खालचा ‘खरी नक्कल’चा शिक्का कधीही कापू नका.

आकडा बदलण्याचा धोका

काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी जेबिग-२ नावाची एक पद्धत आहे. ती पानावरची सारखी दिसणारी अक्षरं शोधते, त्यांचा एकच नमुना साठवते आणि बाकी जागी तोच चिकटवते. फाईल फार लहान होते. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की काही ऑफिस स्कॅनर या पद्धतीत ६ च्या जागी ८ छापत होते. पान स्वच्छ, आकडा ठसठशीत आणि चुकीचा. अस्पष्ट आकडा निदान अस्पष्ट आहे हे कळतं, हा कळतही नाही. गट नंबर १८६ चा १८८ झाला तर शेत दुसऱ्याचं होतं. म्हणून कॉम्प्रेशनच्या यादीत ‘जेबिग-२ लॉसी’ दिसलं तर ते सोडून ‘लॉसलेस’ किंवा ‘सीसीआयटीटी ग्रुप ४’ निवडा. फाईल थोडी मोठी होईल, आकडा जसाच्या तसा राहील.

चार पानं २५६ केबीत: कामाचा क्रम

समजा एका अर्जाला टीसी, उत्पन्नाचा दाखला आणि दोन पानांचं प्रतिज्ञापत्र एकाच पीडीएफमध्ये द्यायचं आहे.

१. आधी पोर्टलच्या त्याच पानावरची सूचना वाचा. कमाल मर्यादा, फाईलचा प्रकार आणि किमान मर्यादा. काही ठिकाणी ठरावीक केबीपेक्षा लहान फाईलही नाकारली जाते.

२. हातात खरोखर किती केबी आहेत ते ठरवा. विंडोज १ केबी म्हणजे १०२४ बाइट धरतं, काही वेबसाइट १००० धरतात. २५६ च्या मर्यादेला २४० चं लक्ष्य ठेवा. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘साइज’ बघा, खालची ‘साइज ऑन डिस्क’ नव्हे. ती डिस्कच्या खान्यांनुसार थोडी जास्त दिसते.

३. केबी वाटून घ्या. प्रतिज्ञापत्राची दोन पानं काळ्या-पांढऱ्यात, मिळून ८०. उरलेले १६० दोन दाखल्यांना, प्रत्येकी ८०.

४. स्कॅन करा. नॅप्स-२ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला चांगलं आहे. त्यात प्रत्येक प्रकारच्या कागदाचं वेगळं प्रोफाइल करून ठेवता येतं: ‘टाइप’, ‘शिक्का’, ‘जुनं’. एकदा केलं की गर्दीच्या वेळी फक्त प्रोफाइल निवडायचं.

५. दाखला ८० केबीत बसत नसेल तर आधी कडा कापा, मग डीपीआय १५० वर आणा, मग क्वालिटी ६० वरून ४५. यापेक्षा खाली जायची वेळ आली, तर दोन पानं दोन वेगळ्या रकान्यांत अपलोड करता येतात का ते बघा.

६. पानं जोडून एकदाच सेव्ह करा. दाबलेली पीडीएफ पुन्हा दाबू नका. जेपीईजीवर जेपीईजी चढला की प्रत्येक वेळी नवे डाग पडतात आणि केबी फारशी वाचत नाहीत. चूक झाली तर पुन्हा मूळ स्कॅनपासून सुरू करा.

आधीच तयार असलेली स्कॅन केलेली पीडीएफ हातात आली असेल तर लिब्रे-ऑफिस ड्रॉमध्ये उघडा. फाईल मेनूतून ‘एक्सपोर्ट ॲज पीडीएफ’ निवडा, क्वालिटी ९० वरून ६० करा आणि ‘रिड्यूस इमेज रेझोल्यूशन’ ३०० वरून १५० करा. इंटरनेट लागत नाही आणि कुणाचं आधार अनोळखी सर्व्हरवर जात नाही. पण हा उपाय स्कॅनसाठीच. मजकुराची मराठी पीडीएफ ड्रॉमध्ये उघडली की जोडाक्षरं विस्कटतात.

मोबाईलचा फोटो

१२ मेगापिक्सलचा कॅमेरा ४००० × ३००० ठिपक्यांचा फोटो देतो, ३ ते ५ एमबीचा. ए-४ कागदाने चौकट पूर्ण भरली असेल तर हे सुमारे ३४० डीपीआय झालं. फोटो ५० टक्के लहान केला तरी १७० डीपीआय उरतात, म्हणजे कामापुरते पुरेसे. पेंटमध्ये ‘रिसाइझ’ उघडा, टक्केवारी ५० टाका आणि जेपीईजी म्हणून सेव्ह करा. कागद चौकटीच्या निम्म्याच भागात आला असेल तर आधी क्रॉप करा, मग उरलेल्या रुंदीचे ठिपके मोजा. तिथे आंधळेपणाने ५० टक्के केलं तर अक्षर हातचं जातं.

पोर्टल फोटोची लांबी-रुंदी पिक्सलमध्ये मागत असेल तर आधी प्रमाण जुळवून क्रॉप करा आणि नंतर आकडे टाका. थेट आकडे टाकले तर चेहरा ताणला जातो.

गावाकडून कागद मागवताना ‘व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं नक्की सांगा. फोटो म्हणून आलेली फाईल वाटेतच दाबली गेलेली असते.

वर्डमधून पीडीएफ

इथे मोठी बचत फुकटात मिळते. प्रतिज्ञापत्र तुम्हीच टाइप केलं असेल आणि त्यावर सही-शिक्का नंतर होणार नसेल, तर प्रिंट काढून स्कॅन करायचं कारणच नाही. ‘सेव्ह ॲज’मधून थेट पीडीएफ केली तर मजकूर मजकूर म्हणूनच जातो. पान थोड्याच केबीत बसतं आणि कितीही मोठं करून वाचा, फाटत नाही.

वर्डची फाईल जड झाली असेल तर दोष जवळपास नेहमी चित्रांचा. डीओसीएक्स फाईल ही मुळात झिप असते. तिची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं डीओसीएक्स बदलून झिप लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डरमध्ये ‘मीडिया’ फोल्डर दिसेल, त्यात कोणतं चित्र किती एमबीचं आहे ते लगेच कळतं. कोपरा धरून चित्र पानावर लहान केलं तरी आतलं चित्र लहान होत नाही. तिकिटाएवढा दिसणारा फोटो आत ५ एमबीचाच असतो.

उपाय असा: चित्रावर क्लिक करा, ‘पिक्चर फॉरमॅट’मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ उघडा. ‘अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर’ची खूण काढा, म्हणजे सगळ्या चित्रांना लागू होईल. ‘डिलीट क्रॉप्ड एरियाज’ची खूण ठेवा. १५० पीपीआय (इथे डीपीआयसारखंच) निवडा. मग पीडीएफ करा. पीडीएफच्या खिडकीत ‘मिनिमम साइज’ हाही पर्याय आहे, पण चित्रात बारीक अक्षर असेल तर तो निवडण्याआधी एकदा ‘स्टँडर्ड’ करून वजन बघा.

क्रॉपची ती खूण वजनापुरतीच महत्त्वाची नाही. आधारचा फोटो कापून फक्त चेहरा ठेवला, तरी कापलेला भाग वर्डच्या फाईलमध्ये शिल्लक असतो. ज्याला फाईल मिळेल तो क्रॉप मागे ओढून पूर्ण नंबर वाचू शकतो.

फॉन्टचंही थोडं वजन असतं. पीडीएफमध्ये वापरलेल्या प्रत्येक फॉन्टचा तुकडा जातो, ठळक आणि तिरप्याचा वेगळा. एका कागदात चार फॉन्ट नकोत. मात्र श्रीलिपी, कृतीदेव किंवा डीव्हीबी-टीटी अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर फॉन्ट फाईलमध्ये राहायलाच हवा. फॉन्ट काढून फाईल लहान करणारं साधन वापरलं तर पलीकडच्या कॉम्प्युटरवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा दिसेल.

उलट दिशा: पीडीएफमधून वर्ड

कन्व्हर्टर प्रत्येक ओळीची वेगळी चौकट करतो, पानाचं चित्र मागे लावतो आणि फाईल फुगते. मराठीत ऱ्हस्व इकार जागा सोडतो, रफार भलत्या अक्षरावर जातो. स्कॅन केलेलं पान असेल तर ते गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. अक्षरओळख मराठीलाही चालते, फाईल २ एमबीच्या आत ठेवा. मिळालेला मजकूर कोऱ्या फाईलमध्ये साधा मजकूर म्हणून चिकटवा आणि आकडे स्वतः तपासा.

एक्सेल विनाकारण जड असेल तर कंट्रोल आणि एंड दाबा. कर्सर डेटाच्या खूप खाली गेला तर मधल्या रिकाम्या ओळी डिलीट करून सेव्ह करा. आणि पीडीएफ किंवा जेपीईजी झिप करून केबी वाचत नाहीत. ते आधीच दाबलेले असतात.

ज्या फाईलला हात लावायचा नाही

डिजिटल सहीचा सातबारा, आठ-अ, ई-आधार. या पीडीएफमध्ये सही फाईलच्या बाइटवर केलेली असते. फाईल दाबली, पानं जोडली किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ केली की सही तुटते किंवा पूर्ण नाहीशी होते. उरतं ते फक्त सहीचं चित्र. बहुतेक वेळा अशी फाईल मुळातच लहान असते, ती आहे तशीच द्या. मर्यादेत बसत नसेल तर दाबलेली प्रत वेगळ्या नावाने करा, सही असलेली मूळ फाईल जपून ठेवा, आणि दाबलेल्या प्रतीवर क्यूआर कोड व पडताळणी क्रमांक वाचता येतो का ते मोबाईलने स्कॅन करून बघा. ई-आधारला पासवर्ड असतो आणि काही पोर्टल पासवर्डची फाईल घेत नाहीत. ‘फाईल करप्ट’ असा संदेश आला तर आधी हेच तपासा.

अपलोड करण्याआधी

फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर नको, ज्याचा कागद आहे त्याच्या मोबाईलवर उघडा. १०० टक्क्यांवर ठेवून सहा गोष्टी त्यालाच मोठ्याने वाचायला सांगा: नाव, आडनाव, गाव, तारीख, दाखल्याचा क्रमांक, गट नंबर किंवा क्षेत्र. शेजारी मूळ कागद धरा. एखादं अक्षर अडलं तर तेवढंच पान पुन्हा स्कॅन करा, बाकीची पानं तशीच राहू द्या. जमलं की मूळ स्कॅन आणि अपलोडची प्रत दोन्ही त्याच्याकडे द्या, नावात वर्ष आणि कागदाचा प्रकार लिहून, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरून दोन्ही पुसा. रिसायकल बिनही रिकामी करा.